मदत हवी आहे: चार-पाच वर्षांच्या मुलांना सोपी कार्टून फुलं कशी शिकवावीत?

नमस्कार मंडळी. डिचोलीजवळच्या आमच्या गावात, वाचनालयाच्या खोलीत, मी शनिवारी दुपारी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. मुलं ४ ते ६ वर्षांची. चवथीच्या आधी सगळ्यांनी मिळून कागदाची माटोळी करायची असं ठरलंय. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, पानं, नारळ, सुपारीचे घोस बांधतात. आमच्या माटोळीला मुलांनी काढलेली हसरी फुलं बांधायची आहेत. डोळे आणि हसू असलेली कार्टून फुलंच हवीत, हा मुलांचाच हट्ट आणि मला तो आवडला.

अडचण पाकळ्यांची आहे. मुलं मधला गोल छान काढतात. मग एका बाजूने पाकळ्या जोडत निघतात. पहिल्या दोन ऐसपैस होतात, तिसरी त्याहून मोठी, आणि शेवटच्या पाकळीला जागाच उरत नाही. ती चिमटलेली पाकळी दिसली की मूल खडू खाली ठेवतं आणि म्हणतं, "टीचर, माका जमना." हे वाक्य चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी ऐकवत नाही. पुसून पुन्हा काढावं म्हटलं तर मेणखडू पुसला जात नाही, म्हणून आता सुरुवात पाटीवर करून घेते. पाटीवर मुलं खूपच मोकळी होतात, पण कागद समोर आला की तेच.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. फळ्यावर मी एक फूल काढून दाखवलं की वर्गभर तेच फूल उमटतं. ज्या मुलीच्या अंगणात जास्वंदीचं कुंपण आहे तीही माझंच फूल काढते. मला जास्वंद जास्वंदीसारखी आणि झेंडू झेंडूसारखा हवा आहे, अगदी चार रेघांत का होईना. पण काहीच दाखवलं नाही तर निम्मी मुलं कागदाकडे बघत बसतात. यातून वाट कशी काढायची?

जास्वंद, झेंडू, आबोली, मोगरा आणि तगर एवढी फुलं घेणार आहे. आबोलीचं काय करायचं हे तर मला अजिबात सुचत नाहीये.

खडूफळा:
ताई, मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवली. पाकळ्या एका बाजूने जोडत गेलं की जागा कमी पडणारच, मोठ्यांचीही पडते. समोरासमोर काढायला सांगा. चार पाकळ्यांच्या फुलाला आधी वर, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे. जागा आपोआप वाटली जाते. आठ हव्या असतील तर या चारांच्या मधे एकेक.

जास्वंद आणि तगर पाच पाकळ्यांच्या, तिथे समोरासमोर चालत नाही. तेव्हा मुलांना उभं करा, पाय फाकवून, हात पसरून. डोकं, दोन हात, दोन पाय. हीच पाच पाकळ्यांची जागा. आधी डोक्याची पाकळी, मग दोन्ही हातांच्या, शेवटी पायांच्या. अंगाने केलेली गोष्ट मुलांच्या हाताला लवकर कळते.

पाकळ्या गोलसरच ठेवा. तीन वर्षांच्या आसपास मुलाला गोल जमतो, पण त्रिकोणासारखा टोकदार आकार बहुतेकांना पाचव्या वर्षाच्या सुमारास जमायला लागतो. त्यामुळे लिलीसारखी टोकदार फुलं धाकट्यांना देऊ नका.

आणि फळ्याबद्दल. पायऱ्या जरूर दाखवा, भित्र्या मुलाला त्यांचाच आधार असतो. पण शेवटची पायरी दाखवू नका. गोल आणि पाकळ्यांपर्यंत या, मग फळा पुसून टाका. डोळे, तोंड, रंग, पानं सगळं त्यांच्यावर सोडा. मुलाच्या कागदावर मात्र कधीही आपला खडू लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर आपला कागद शेजारी घ्या.

म्हादईकाठ:
माझं मत वेगळं आहे. फळा बाजूलाच ठेवा आणि खरं फूल हातात द्या. प्रत्येक फुलाची एकच खूण मुलांकडून काढून घ्या: "ह्याचं सगळ्यात वेगळं काय?" जास्वंदीला मुलं लगेच बोट दाखवतात, त्या मधून बाहेर आलेल्या लांब दांड्याला आणि त्याच्यावरच्या पिवळ्या ठिपक्यांना. झेंडूला झालर. तगरीच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकाच बाजूला वळलेल्या. मोगऱ्याची कळी नुसती गोल, तिलाच डोळे काढले तरी पुरे. कार्टून म्हणजे ती एक खूण मोठी करायची आणि बाकीचं सोडून द्यायचं. मग सगळ्यांची फुलं एकसारखी होणारच नाहीत, कारण एक मूल दांडा कागदाबाहेर नेईल आणि दुसरं त्यालाच नाक करेल.

आबोली अवघड वाटते कारण ती गोल फूलच नाही. तिच्या पाकळ्या सगळ्या एका बाजूला पसरतात. मधला गोल काढूच नका. एक बारीक देठ आणि त्याच्यावर उघडलेला पंखा, पंख्याच्या कडेला चार-पाच बाक. चेहरा पंख्यावरच. रंगाला आधी नारिंगी, त्यावर हलक्या हाताने गुलाबी.

एक आई, फोंडा:
माझ्या धाकट्याला रेघ मारायचीच भीती वाटायची. त्याच्यासाठी आम्ही भेंडीचे ठसे केले. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर दाबायची. नेहमीच्या भेंडीचं पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, आणि आपल्या गोव्याच्या सात शिरांच्या भेंडीचं सात पाकळ्यांचं. पावसाळ्यात बाजारात ती मिळतेच. ठसा वाळला की त्याच्यावर डोळे, तोंड, देठ मुलाने स्वतः काढायचं. पहिलं फूल हमखास चांगलं येतं, त्यामुळे "जमना" निघतच नाही. वर्गात एकदा भेंडीचं फूलही दाखवा. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, दोन्ही फुलांच्या मधला तो दांडा बघून मुलं स्वतःच ओळखतील.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. डोकं-हात-पाय ही युक्ती काल संध्याकाळी भाचीवर करून बघितली. तिने पाचही पाकळ्या नीट बसवल्या आणि वरच्या पाकळीला केस काढले! खडूफळा काका, फळा पुसण्याचं तुमचं म्हणणं पटलं. म्हादईकाठ, तुमचंही पटतं, म्हणून असं करेन: आधी खरं फूल हातात, त्याची खूण मुलांच्या तोंडून, मग फळ्यावर फक्त पाकळ्यांची जागा. अगदीच अडलेल्या मुलांना भेंडीचा ठसा.

दोन प्रश्न राहिले. चेहरा कुठे काढायला सांगू? बरीच मुलं डोळे अगदी वर काढतात आणि फूल रागावलेलं दिसतं. दुसरं म्हणजे कागद. सध्या हवा इतकी दमट आहे की साधा कागद दोन दिवसांत मऊ पडतो आणि स्केचपेन फुटतं. टांगल्यावर फुलं मान टाकतील.

खडूफळा:
डोळे गोलाच्या मधल्या रेषेच्या थोडे खाली आणि एकमेकांपासून लांब. वर मोठं कपाळ राहिलं की चेहरा तान्ह्या बाळासारखा गोड दिसतो. पण ज्याला रागावलेलं फूल हवं असेल त्याला ते काढू द्या.

स्केचपेन या दिवसांत बंदच ठेवा, जाड मेणखडू वापरा. मेणामुळे पाणी कमी शोषलं जातं. कागदाऐवजी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू घ्या, गावात घरोघरी पडून असतात. देठ खाली काढला तर टांगताना फूल उलटं लोंबेल, तेव्हा देठाशिवाय कापून घ्या आणि वरच्या पाकळीला भोक पाडा. भोकाच्या मागे चिकटपट्टीचा तुकडा लावला तर सुतळीने फाटणार नाही.