ब्रिटल स्टार: ठिसूळ, भंगुर की आणखी काही?

विचारणा, वडोदरा
मंडळाच्या मुलांना कमाटीबागेच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा दाखवून आणला. आता समुद्रतळावरच्या प्राण्यांचा मराठी तक्ता करतेय. तारामाशासारखा दिसणारा, लांब हातांचा प्राणी म्हणजे ब्रिटल स्टार; त्याला ‘ठिसूळ तारा’ लिहिलं, तर गुजराती शाळेत जाणारी माझी लेक विचारते, ‘ठिसूळ म्हणजे नानकटाईसारखा?’ काय सांगू?

उत्तर
ताई, लेकीचं बरोबर आहे. ठिसूळ वस्तूचा भुगा होतो. या प्राण्याचा हात सांध्यावर तुटतो, आणि तोडतो तो स्वतःच. शत्रूच्या तोंडी हात सोडून निसटतो. पुढे नवा फुटतो. ‘भंगुर’ही नको, त्याला क्षणभंगुराचा, नश्वरतेचा वास आहे, आणि इथे तर जीव वाचवण्याची धडपड. आपल्याकडे क्रियापद तयार आहे की! पाल शेपूट टाकते, तसा हा हात टाकतो.
नाव मी वर्गनामावरून घेईन. ओफियुरॉइडिया: ग्रीक ओफिस म्हणजे साप, ऊरा म्हणजे शेपूट. म्हणून ‘सर्पतारा’.

विचारणा
तारामाशाचाच भाऊबंद ना? मग साप कशाला?

उत्तर
दोघेही कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीचे, पण चाल वेगळी. तारामासा हातांखालच्या नळीसारख्या बारीक पायांवर, नळीपायांवर, सरकतो. हा हात वळवळवत, वल्हवत जातो. तारामाशाचे हात मधल्या भागातून हळूहळू निमुळते होत जातात, याची चकती मात्र हातांपासून स्पष्ट वेगळी दिसते. तोंड खालच्या बाजूला, त्याला पाच जबडे. गुदद्वार नाहीच, नको ते तोंडावाटेच बाहेर. हातात एकामागे एक चुनखडीचे तुकडे असतात, त्यांना ‘मणके’ म्हणायला मला आवडतं. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याला मणके कसे, असं कुणी म्हणेल. पण मणका शब्द मुळात मण्यावरूनच आला, आणि हे तुकडे माळेसारखेच ओवलेले असतात.

आणखी एक उत्तर
तक्त्यावर खोल समुद्रातली एक जात घ्या: ऑफिओम्यूसा लायमनी. स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ वायव्हिल टॉमसन यांनी 1873मध्ये वर्णिली. लायमनी हे सर्पताऱ्यांचे अमेरिकी अभ्यासक थिओडोर लायमन यांच्यावरून. जुन्या पुस्तकांत प्रजातीचं नाव, म्हणजे नावातला पहिला शब्द, ऑफिओम्यूसियम दिसेल, गोंधळू नका. एरवी सर्पताऱ्याच्या हाताला प्रत्येक सांध्यावर वर एक, खाली एक आणि दोन बाजूंना दोन अशी चार कवचं असतात. हिच्यात बाजूची दोन इतकी वाढतात की वर आणि खाली एकमेकांना भिडतात. वरची-खालची कवचं बुडाशी तेवढी नीट दिसतात, पुढे नावापुरती. यांना ‘पट्टिका’ म्हणतात; मुलांसाठी मी ‘ढाल’ लिहीन.

विचारणा
‘बाजूच्या ढाली’ लिहिलं. लेकीने हात टाकणारा सर्पतारा काढलाय, तुटलेला हात बाजूला वेगळा रंगवून.