जून फोरे यांच्या आठवणीत: दोन तासांत कोणती कार्टून्स लावू?

चांदणवेल

नमस्कार मंडळी,

२६ जुलै जवळ येतोय. २०१७ साली त्याच दिवशी जून फोरे गेल्या, कितीतरी अमेरिकन कार्टून्सना आवाज देणाऱ्या. ९९ वर्षांच्या होत्या, १८ सप्टेंबरला शंभरी पूर्ण झाली असती.

लहानपणी मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. 'डकटेल्स' आम्ही दूरदर्शनवर हिंदीतून पाहिलं, त्यामुळे मॅजिका डिस्पेल ही चेटकीण चांगली ओळखीची, पण तिचा मूळ आवाज कधी कानावर पडलाच नव्हता. गेल्या वर्षी सहज मूळ इंग्रजी भाग लावला आणि ती बोलायला लागल्याबरोबर वाटलं, हिला मी कुठेतरी ऐकलंय. आठवून आठवून 'रॉकी अँड बुलविंकल'मधल्या नताशावर येऊन थांबले. दोघी सख्ख्या बहिणी शोभतील असं ते घोळवून बोलणं! नामावली पाहिली तर दोन्हीकडे जून फोरे. आणि नताशा ज्याच्या जिवावर उठलेली असते तो रॉकी, ती भाबडी उडती खार, तीसुद्धा त्याच. तेव्हापासून मी या बाईंच्या आवाजाच्या मागे लागले आहे.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी, दोन मैत्रिणी आणि माझी नऊ वर्षांची भाची असे जमणार आहोत. हाताशी दोन तास. नुसती गाजलेली नावं नकोत, जिथे आवाजानेच पात्र उभं केलंय असे नेमके प्रसंग सुचवा. क्रमही सांगितलात तर फार बरं होईल.

कानसेन

सुरुवात रॉकीपासूनच करा, दुसरीकडून नको. ही मालिका १९५९ साली नोव्हेंबरात सुरू झाली आणि पहिलंच साहस, 'जेट फ्युएल फॉर्म्युला', ४० भागांचं आहे. पहिले चार-पाच भाग पुरेत, एकेक भाग काही मिनिटांचाच असतो.

बघताना लक्षात येईल की चित्रं अगदीच काटकसरीची आहेत. पैसे वाचवायचे म्हणून अ‍ॅनिमेशनचं काम मेक्सिकोतून करून घेतलं होतं. पात्रं बराच वेळ जागची हलत नाहीत, फक्त तोंडं उघडमीट करतात. म्हणजे ओझं सगळं आवाजावर. रॉकीचा सोबती बुलविंकल, त्याचा आवाज बिल स्कॉट, नताशाचा जोडीदार बोरिस, त्याचा पॉल फ्रीज आणि समोर रॉकी नि नताशा दोन्ही जूनबाई. हे सगळे मुरलेले लोक होते. जूनबाई तर वयाच्या बाराव्या वर्षापासून रेडिओवर काम करत होत्या. डोळे मिटून ऐकलंत तरी कोण कुठे उभं आहे, कोण कोणाला फसवतंय हे कळतं.

एक जागा मुद्दाम सांगतो. बोरिस वेषांतर करून येतो, बोलतो, आणि रॉकी थबकून म्हणतो की हा आवाज मी कुठे बरं ऐकलाय? हा विनोद मालिकेत पुन्हा पुन्हा येतो. चांदणवेलताई, मॅजिकाला ऐकून तुमचं जे झालं नेमकं तेच. फरक इतकाच की रॉकीला उत्तर कधी सापडत नाही, तुम्हाला सापडलं.

पाटीपेन्सिल

कानसेन यांना अनुमोदन, पण त्या संध्याकाळचा गाभा बग्ज बनीच्या कार्टूनमधल्या विच हेझल या चेटकिणीचा हवा. 'ब्रूमस्टिक बनी', १९५६, दिग्दर्शक चक जोन्स. जेमतेम सात मिनिटं.

हेझलचं हसणं ऐका. आधी घशात खुदखुद, मग ते वर चढत जातं आणि एकदम फुटतं. ती कुठेही निघाली की इतक्या झपाट्याने जाते की केसातल्या पिना मागे हवेतच लटकत राहतात आणि मग एकेक करून खाली पडतात. त्या पिना चितारणाऱ्यांच्या, पण त्यांच्यामागे रेंगाळणारं हसू जूनबाईंचं. मी ते दृश्य आवाज बंद करूनही पाहिलंय. पिना गमतीच्या वाटतात, एवढंच. आवाज सुरू केला की हेझल खोलीतून गेल्यानंतरही खोलीतच असते.

आणि शेवट! बग्ज बनीला कापायला निघालेली हेझल त्याचे टपोरे डोळे बघून हमसून हमसून रडायला लागते, का तर तिला तिचा पाळलेला कोळी पॉल आठवतो. इथे बाईंनी जराही थट्टा केलेली नाही. खरं रडल्या आहेत. त्या दुःखाच्या भरात ती चुकून सौंदर्याचं औषध पिते आणि सुंदर होते. ती जी सुंदर बाई दाखवली आहे ना, तिचा चेहरा जून फोरे यांच्यावरूनच काढला आहे. आयुष्यभर मायक्रोफोनमागे राहिलेल्या कलाकाराला चितारणाऱ्यांनी काही क्षण पडद्यावर आणलं. मला ही जागा फार प्रिय आहे.

बोरकूट

ट्विटीची ग्रॅनी विसरलात की काय! पहिल्यापासून शेवटपर्यंत ग्रॅनी म्हणजे जून फोरे. भाचीसाठी तेच लावा, बाकी सगळं नंतर.

पाटीपेन्सिल

बोरकूट, पहिल्यापासून नाही. आधीची ग्रॅनी बी बेनाडेरेट यांची, जूनबाई १९५५ पासून आल्या. हेझलचंही तसंच. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या पहिल्या हेझलपटात, १९५४च्या 'बिविच्ड बनी'त, आवाज बेनाडेरेटबाईंचा आहे. पण त्याच्याही आधी, १९५२ साली, डिस्नेच्या 'ट्रिक ऑर ट्रीट'मध्ये हेझल नावाचीच चेटकीण जूनबाईंनी केली होती. त्यामुळे एका अर्थी हेझल त्यांच्याकडे परत आली. दोन्ही पाठोपाठ लावून बघा, चांगला अर्धा तास गप्पांना विषय मिळेल.

अजून एक. वॉर्नरच्या जुन्या नामावल्यांत कितीदा तरी आवाजासाठी एकट्या मेल ब्लँक यांचं नाव दिसतं, कारण त्यांच्या करारातच तशी अट होती. म्हणून या बाईंना शोधायचं तर कानांनीच शोधावं लागतं. चक जोन्स म्हणायचे की जून ही बायकांतली मेल ब्लँक नव्हे, मेल ब्लँकच पुरुषांतला जून फोरे.

बोरकूट

दुरुस्तीबद्दल आभार, हे खरंच माहीत नव्हतं. तरी ग्रॅनी हवीच! अडतिशीच्या आत-बाहेर असताना त्यांनी ही म्हातारी घेतली आणि स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही तीच म्हातारी करत होत्या. २०११ साली आलेल्या 'आय टॉट आय टॉ अ पुडी टॅट'मध्ये ट्विटी आणि सिल्व्हेस्टरचे आवाज म्हणजे मेल ब्लँक यांचं १९५०च्या सुमाराचं जुनं ध्वनिमुद्रण. ब्लँक १९८९ सालीच गेले होते. ग्रॅनी मात्र जूनबाईंनी नव्याने केली. जुना सहकारी फितीवर आणि त्या माइकसमोर. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे माहीत नव्हतं, नंतर कळल्यावर परत लावलं आणि पूर्ण बघवलं नाही.

भाचीला मोठी मालिका हवी असेल तर १९९५ पासूनची 'सिल्व्हेस्टर अँड ट्विटी मिस्टरीज' आहे. त्यात ग्रॅनी गुप्तहेर असते.

उंबरठा

माझ्याकडून एकच. 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस', १९६६. निवेदन बोरिस कार्लोफ यांचं आणि नामावलीतही त्यांचंच. सिंडी लू हू या चिमुरडीचा आवाज जूनबाईंचा, पण नाव कुठेही नाही.

प्रसंग असा: ग्रिंच सांताक्लॉजच्या वेषात घर लुटतोय, ख्रिसमसचं झाड धुराड्यात कोंबतोय, आणि मागून एक झोपाळू आवाज येतो. आमचं झाड का नेताय? का? बस, एवढंच. तो दुसरा 'का' जरा लांबवलेला आहे. त्यात संशय नाही की राग नाही, फक्त उत्तराची वाट बघणं आहे. पन्नाशीला आलेल्या बाईचा आवाज आहे हा. मी पोरांच्या नाटकांचं थोडंफार काम करतो. मोठी माणसं लहान मुलांचे आवाज काढताना हमखास बोबडं, लाडिक बोलतात. ही तालीम म्हणून मी त्यांना हे एवढंच ऐकवतो.

रातकिडा

कार्टून नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ट्वायलाइट झोन' या टीव्ही मालिकेचा 'लिव्हिंग डॉल' हा १९६३चा भाग. त्यातल्या टॉकी टीना या बाहुलीचा आवाज जूनबाईंचा. आणि गंमत म्हणजे त्या काळी दुकानात मिळणारी खरीखुरी चॅटी कॅथी बाहुली, दोरी ओढली की बोलणारी, तिचाही आवाज यांचाच! मुलींच्या कुशीत जो आवाज गोड बोलायचा तोच पडद्यावर सावत्र बापाला मारून टाकीन म्हणतो, आणि स्वर बदलत नाही. भेसूर करायचा मोह त्यांनी साफ टाळलाय. म्हणूनच अंगावर काटा येतो.

चांदणवेल

@रातकिडा, सुचवलंत ते मोलाचं आहे, पण भाचीच्या उशाशी दोन बाहुल्या झोपतात. ती झोपल्यावर आम्ही तिघी बघू.

कानसेन

योग्य निर्णय. तिच्यासाठी त्या जागी 'रिकी-टिकी-टावी' लावा, १९७५, हेही चक जोन्सचं. गोष्ट भारतातलीच, सुगौलीच्या छावणीतलं घर, बाग, मुंगूस आणि नागाचं जोडपं. नागीण नगैना म्हणजे जूनबाई, आणि त्या घरातल्या मुलाच्या आईचा आवाजही त्यांचाच. म्हणजे मुलाला दंश करायला टपलेली आणि त्याला जपणारी, दोघी एकच! पंचवीसेक मिनिटांचं आहे.

पाटीपेन्सिल

शेवटी 'मुलान'मधली आजी विसरू नका (१९९८, जूनबाई ऐंशीच्या). डोळ्यांवर हात ठेवून, हातात रातकिड्याचा पिंजरा धरून ती भर रहदारीतून रस्ता ओलांडते, मागे गाड्यांचा चुराडा, आणि पलीकडे पोचून समाधानाने सांगते की हा रातकिडा लकी आहे. फक्त गाण्यातला आवाज त्यांचा नाही, तो मार्नी निक्सन यांचा.

'सिंड्रेला'तलं लुसिफर मांजर पुष्कळ जण सांगतील. चांगलंच आहे, पण त्यात शब्द नाहीत. दोन तासच असतील तर माझ्या मते गाळलं तरी चालेल.

उंबरठा

असहमत! शब्द नाहीत म्हणूनच ठेवा. १९५०चं काम आहे, डिस्नेकडचं त्यांचं पहिलं. उंदरांना कोंडीत पकडल्यावर तो जे घोगरं, आळशी हसतो ते ऐका आणि मग लगेच हेझल लावा. मला तर हेझलचं बी तिथे दिसतं.

बोरकूट

मध्यंतरात मैत्रिणींना हे सांगा: अ‍ॅनिमेशनसाठीचे अ‍ॅनी पुरस्कार १९७२ साली सुरू झाले ते जूनबाईंच्या कल्पनेतून. पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाला वेगळं ऑस्कर मिळावं म्हणूनही त्या कित्येक वर्षं पाठपुरावा करत होत्या. २००२ सालच्या सोहळ्यात ते पहिल्यांदा दिलं गेलं. स्वतःला डेटाइम एमी मिळालं २०१२ साली, 'द गारफिल्ड शो'मधल्या मिसेस कॉल्ड्रन या चेटकिणीसाठी. वय ९४!

चांदणवेल

मंडळी, कार्यक्रम झाला. उशिरा लिहितेय, माफ करा.

क्रम असा लागला: रॉकीचे पाच भाग, लुसिफरचे दोन प्रसंग, लगेच 'ब्रूमस्टिक बनी' (उंबरठा यांचं ऐकलं, आणि हो, ते हसू तिथलंच आहे), रिकी, मुलानची आजी आणि शेवटी २०११ची ग्रॅनी. ग्रिंच मध्येच लावला, कारण सिंडी लूची वाट बघणं माझ्याच्याने होईना.

भाचीला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. रॉकी बघताना ती हसत होती. हेझल आली तेव्हा माझ्या मांडीवर सरकली. नगैना फुत्कारली आणि ती एकदम म्हणाली, "मावशी, ही मघाचीच ना गं?" मी विचारलं, मघाची कोण? तर म्हणे, "ती पिनांवाली." दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी कार्टून्स, वर्षांचं अंतर वीसाच्या जवळपास. तिने कानांनी ओळखलं. मग मी नाव सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक पात्र तोंड उघडताच तिचा प्रश्न, "ही जूनआजी का?" सिंडी लूला मात्र ओळखलं नाही. सांगितल्यावर विश्वासच ठेवेना. ती जागा तीनदा लावावी लागली.

ग्रॅनी लावताना आवाज थोडा वाढवला. मेल ब्लँक यांचं मी मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं. कुणी काही बोललं नाही.

टॉकी टीना आम्ही रात्री साडेदहाला बघितली. रातकिडा, स्वर बदलत नाही हे तुम्ही लिहिलं होतंत तरी त्याची तयारी होत नाही हो.

आता भाचीला 'गमी बेअर्स' या कार्टून मालिकेतली जूनबाईंचीच ग्रॅमी ऐकवायची आहे. त्यात ग्रॅमी भरपूर बोलते असा एखादा भाग कुणाला आठवतो का?