नंदाखालचे चर्च, 1573 हे साल आणि दाखल्यावरचे दमण

प्रश्न : आजोळ नंदाखाल

माझ्या आजीचे माहेर वसई तालुक्यातील नंदाखालचे. तेथील पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना 1573 सालची, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अलीकडे घरातील जुनी ट्रंक आवरताना पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हाती लागला. कागद घडीवर चिरला आहे, साल 1891 आहे, भाषा पोर्तुगीज आहे आणि माथ्यावर दमण धर्मप्रांताचे, म्हणजे दमणच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्राचे, नाव आहे. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. मग त्यानंतर दीडशे वर्षांनी, तेही इंग्रजी अमलात, आमच्या गावचा दाखला पोर्तुगीजमध्ये का, आणि त्यावर दमण कोठून आले? त्याआधीच्या नोंदी शोधायच्या झाल्यास कोठे जावे?

उत्तर : पाणवठा

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण राज्य आणि धर्मसत्ता यांच्या सीमा येथे कधीच एकमेकींशी जुळल्या नाहीत. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून चर्चच्या आश्रयदातृत्वाचा जो अधिकार मिळाला होता, त्याला पाद्रुआदो म्हणतात. किल्ला गेला तरी तो अधिकार गेला नाही, त्यामुळे पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलातही वसईच्या खेड्यांतील चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांकडेच पाहत राहिली. कारभाराची भाषाही म्हणूनच पोर्तुगीज राहिली. घरात मात्र लोक सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलीच बोलत होते.

याच काळात रोमने मुंबईत आपले स्वतंत्र प्रतिनिधी नेमलेले असल्याने दोन अधिकारांत वर्षानुवर्षे तंटे चालले. त्यावर तोडगा म्हणून 1886 मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, दमणचा नवा धर्मप्रांत निर्माण झाला आणि वसई व साष्टीची पाद्रुआदो चर्चे त्याला जोडली गेली. आपला दाखला त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी लिहिलेला आहे. ही व्यवस्था 1928 पर्यंत टिकली. दमण धर्मप्रांत तेव्हा मोडला, दमण गोव्याला जोडले गेले आणि वसई मुंबई महाधर्मप्रांतात आली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत तर 1998 चा, म्हणजे कालपरवाचा म्हणावा लागेल.

उत्तर : जुनी घंटा

1573 या सालाविषयी एक सावधगिरी सुचवतो. असे साल धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समुदायाच्या, स्थापनेचे असते. आज दिसणाऱ्या प्रत्येक भिंतीचे ते वय मानू नये. किल्ल्याच्या तटाआड नसलेल्या खेड्यांतील चर्चना संरक्षण नव्हते. मस्कतच्या अरबांनी 1674 मध्ये वसईच्या किनाऱ्यावर उतरून किल्ल्याबाहेरची चर्चे लुटली होती. पुढे 1739 नंतर येथील चर्चच्या कितीतरी घंटा हिंदू देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरील घंटेवर 1729 हे साल आजही वाचता येते. तरीही "पेशव्यांनी सगळे संपवले" हे सरसकट विधान मला पटत नाही. धर्म पाळणारी माणसे गावातच राहिली, गोव्याहून देशी धर्मगुरू येत राहिले, आणि धर्मग्राम टिकले ते त्यामुळे.

उत्तर : वहीतली शाई

नोंदींबाबत थोडे लिहितो. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा दंडक कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1563 मध्ये घातला, म्हणजे नंदाखालच्या स्थापनेच्या आधीच. प्रथम चर्चच्या कार्यालयात प्रमुख धर्मगुरूंना लेखी विनंती करावी आणि सोबत दाखल्याची छायाप्रत जोडावी. मूळ वहीतील नोंदीचा समासही अवश्य पाहावा. कारण विसाव्या शतकाच्या आरंभापासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करण्याची पद्धत रूढ झाली आणि तुमच्या पणजोबांचा विवाह त्यानंतर झाला असेल, तर पणजीचे नाव तेथेच सापडू शकेल. 1886 पूर्वीच्या वरिष्ठांशी झालेल्या पत्रव्यवहारासाठी गोव्यातील पणजी शहर गाठावे लागेल. तेथील पुराभिलेखागाराची परंपरा 1595 मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो यांच्यापासून सुरू होते. मात्र पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारा कोणी बरोबर न्यावा, नाहीतर दिवस फुकट जातो.

पुन्हा : आजोळ नंदाखाल

मनःपूर्वक आभार. दाखला पुन्हा भिंगाखाली पाहिला. आडनाव आम्ही आज लिहितो त्याहून वेगळ्या स्पेलिंगचे आहे, त्यामुळे विनंतीपत्रात दोन्ही रूपे लिहीन. पणजोबांचा विवाह 1912 च्या सुमाराचा असल्याचे आत्या सांगते. तेव्हा समास पाहण्यासाठी येत्या रविवारी मिस्सा (चर्चमधील उपासना) आटोपल्यावर धर्मगुरूंना भेटणार आहे.