स्पायडर बॉल पायथनची पैदास गोव्यात तरी थांबवावी का?

म्हादईकाठ

थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नुसत्या स्पायडरची नाही. शॅम्पेन, वोमा आणि हिडन जीन वोमा या बॉल पायथनच्याच इतर प्रकारांचीही, कारण तोल जाण्याचा हाच दोष त्यांच्यातही आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बॉल पायथन हा घाना, टोगो, बेनिन या भागातला बुटका अजगर. जनुकातल्या बदलामुळे त्याचा रंग किंवा नक्षी वेगळी झाली की त्याला मॉर्फ म्हणतात. स्पायडर १९९९ साली पुढे आला, तोही रानातून पकडलेल्या एकाच जनावरापासून. आज जगात जेवढे स्पायडर आहेत ते सगळे त्याच रक्ताचे. हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एक स्पायडर असला तरी सरासरी निम्मी पिल्लं स्पायडर निघतात. दोन प्रती असलेलं जिवंत पिल्लू मात्र कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही.

आता भुकेला स्पायडर जवळून बघा. उंदराचा वास आला की डोकं आधी एका बाजूला कलतं. मग मान पिळत जाते, टाळू खाली आणि हनुवटी वर. झेप जाते ती उंदराच्या चार बोटं बाजूला. त्याला हलकेच उताणा केला तर साधं भावंड लगेच सरळ होतं. हा तसाच पडून राहतो, कारण वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळत नाही. २०२२ मध्ये स्पायडर आणि साध्या अजगरांच्या आतल्या कानाची सूक्ष्म सीटी स्कॅनने तुलना झाली. स्पायडरमध्ये तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारची पिशवी, दोन्ही बिघडलेल्या आढळल्या. म्हणजे ही सवय नव्हे, भीतीही नव्हे. हे जन्मजात व्यंग आहे. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत २०१८ पासून स्पायडरची विक्री बंद केली. आपण कशाची वाट बघतोय?

खाजनबांध

म्हादईबाब, व्यंग आहे हे मी नाकारत नाही. पण त्यावरून सरसकट पैदासबंदीवर उडी मारणं मला पटत नाही.

पहिली गोष्ट, सगळे स्पायडर सारखे डोलत नाहीत. पुष्कळ जणांमध्ये नुसता मानेचा हलका कल असतो आणि तोही भूक लागली किंवा हाताळलं तरच दिसतो. असं जनावर खातं, कात टाकतं, वजन धरतं, अंडी घालतं, वीस-पंचवीस वर्षं जगतं. त्याला व्यवस्थित ठेवायची पद्धत आहे. उंच टाकी आणि चढायच्या फांद्या नकोत. बुटका, लांबट डबा घ्यावा. लपायला दोन घट्ट बसणाऱ्या जागा द्याव्यात. पाण्याचं भांडं उथळ पण जड असावं. गरम बाजू ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २६ च्या आसपास. थर्मोस्टॅट नसेल आणि डबा तापला तर डोलणं हमखास वाढतं. खाऊ घालताना गोठवलेला उंदीर आधी पूर्ण वितळवून गरम पाण्यात ऊबदार करावा आणि चिमट्याने तोंडापासून चार-पाच सेंटीमीटरवर स्थिर धरावा. समोर नाचवू नये. नाचवला की नेम चुकतो, मग तो घाबरतो आणि पुढचे दोन आठवडे तोंड लावत नाही.

दुसरी गोष्ट, व्यंग म्हणून बंदी घालायची तर यादी थांबणार कुठे? सुपर सिनॅमनमध्ये, म्हणजे सिनॅमन मॉर्फच्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यात, कणा वाकतो, जबडा बदकासारखा चपटा होतो. कॅरॅमल अल्बिनोत कणा वाकल्याची उदाहरणं आहेत. सुपर लेसरचे डोळे बाहेर आलेले दिसतात. डेझर्टच्या माद्यांची अंडी पोटात अडकतात. तेव्हा एकट्या स्पायडरला का दोषी ठरवायचं?

भिरंड

खाजनबाब, तुमच्या यादीतच तुमचं उत्तर आहे. फक्त त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळी करून बघायला हवी.

सिनॅमन अपूर्ण प्रभावी आहे. एक प्रत असलेला सिनॅमन निरोगी असतो. त्रास होतो तो दोन प्रती एकत्र आल्यावर. तेव्हा उपाय आपल्या हातात आहे: सिनॅमनची सिनॅमनशी जोडी लावू नका आणि ब्लॅक पेस्टलशीही लावू नका, कारण ही दोन्ही एकाच जनुकाची रूपं आहेत. लेसरचंही तसंच. निळ्या डोळ्यांचा पांढरा अजगर हवा असेल तर लेसर गुणिले लेसर करायची गरजच नाही, लेसर गुणिले मोहावे करा. पिल्लांत एक चतुर्थांश पांढरी, एक चतुर्थांश लेसर, एक चतुर्थांश मोहावे, उरलेली साधी. पांढरी तेवढीच मिळतील आणि सुपर लेसर तयारच होणार नाही. डेझर्टमध्ये त्रास मादीला होतो, म्हणून डेझर्टचा नर वापरणारे निदान त्या नराचं तरी नुकसान करत नाहीत. त्याच्या डेझर्ट मुलींचं काय, हा प्रश्न उरतोच. तिथे मी तुमच्याशी सहमत आहे.

स्पायडरमध्ये सुरक्षित जोडी अशी नाहीच. एकच प्रत असली तरी कान बिघडतो, आणि प्रत नसली तर तो स्पायडरच नसतो. माझ्या दृष्टीने सीमारेषा हीच आहे, व्यंग दिसतं की लपतं ही नव्हे.

"कमी डोलणारे निवडत गेलो तर पुढे सुधारेल" हेही खरं नाही. जवळजवळ न डोलणाऱ्या बापाची पिल्लं जोरात डोलतात आणि उलटंही होतं. दोन दशकांहून जास्त काळ स्पायडरचा शेकडो वेगवेगळ्या वंशांशी संकर झाला, तरी नक्षी आणि कानाचा दोष वेगळे झालेले नाहीत. याचं कारण समजण्यासारखं आहे. भ्रूणात रंगपेशी न्यूरल क्रेस्ट नावाच्या सुरुवातीच्या पेशीसमूहापासून बनतात आणि आतल्या कानाची घडणही त्याच पेशींशी जोडलेली आहे. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं, डाल्मेशियन कुत्री यांच्यात बहिरेपणा जास्त आढळतो, तोही रंगपेशींच्या अभावाशीच जोडलेला. मोहावे आणि लेसर ज्या जनुकातल्या बदलाने होतात ते ईडीएनआरबी१ हे रंगपेशींच्या घडणीतलंच जनुक आहे. उलट अल्बिनोमध्ये बिघाड टायरोसिनेज या एका विकराच्या जनुकात आहे: रंगपेशी जागच्या जागी असतात, फक्त काळा रंग तयार होत नाही. म्हणून अल्बिनो डोलत नाही. रंगाचं जनुक नेमकं कोणत्या टप्प्यावर काम करतं, ते बघूनच जोडी लावावी.

सांजवेळ

भिरंडबाय, जनुकांचं सगळं मान्य. पण वाकड्या कण्याचं खापर दर वेळी जनुकावर फुटतं ते चुकीचं आहे. गोव्यात निम्मं काम उबवण पेटी बिघडवते.

इथे थंडीत जोड्या लावल्या की अंडी साधारण मार्च ते मे या काळात येतात. म्हणजे उबवणीचे ५५ ते ६० दिवस कडक उन्हाळ्यात सुरू होऊन पावसात संपतात. मे महिन्यात बंद खोलीच ३३ अंशांवर जाते. पेटीतला हीटर तेव्हा बंद असतो, पण पेटी थंड करायची सोयच नसते आणि अंडी शिजतात. ३४ च्या वर काही तास गेले तरी कणा वाकणं, पोट न मिटणं, पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मरणं असे प्रकार होतात. जुलैत उलटं. पहिल्या वादळात वीज जाते, खोली २५-२६ वर येते आणि लोक घाबरून गरम पाण्याच्या बाटल्या थेट अंड्यांना टेकवतात. गारव्याचे पाच-सहा तास अंडं सहन करतं, बाटलीचा चटका नाही करत.

जाड थर्माकोलची पेटी घ्या. तळाशी पाण्याच्या सहा-सात बाटल्या कायमच्या ठेवा, त्या तापमान धरून ठेवतात. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सम प्रमाणात. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, थेंब गळू नये. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा वरून पाणी शिंपडू नका. अंड्यावर थेंब साचला की बुरशी धरते. अंडी प्लॅस्टिकच्या जाळीवर ठेवा. मादीने घातलेलं अंडं ज्या बाजूला होतं तीच बाजू वर, पेन्सिलने खूण करून. उलटलं तर आतला गर्भ बुडू शकतो. थर्मोस्टॅटचा प्रोब पेटीच्या भिंतीला चिकटवू नका, अंड्यांच्या मधोमध ठेवा. ३१ ते ३१.५ अंश. मे महिन्यात पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर.

दोष कुणाचा ते ओळखायची खूणही आहे. एकाच घाण्यात साधी, पेस्टल, सिनॅमन अशी सगळ्याच रंगांची पिल्लं वाकडी असतील तर तापमान. वाकडी फक्त सुपर सिनॅमनच असतील तर जनुक.

म्हादईकाठ

सांजवेळ, ही खूण मोलाची आहे आणि ती माझ्याच बाजूने बोलते. एकाच पेटीत, एकाच जाळीवर, त्याच ३१ अंशांवर उबलेल्या सहा अंड्यांतून तीन साधी पिल्लं सरळ चालतात आणि तीन स्पायडर मान पिळतात. तिथे पेटीला दोष देता येत नाही.

आणखी एक बाजू आहे, कायद्याची. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो आपल्या चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे जनावराची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावं लागतं. म्हणजे डोलणारं प्रत्येक पिल्लू तुमच्या नावावर चढतं. घेणाऱ्याने महिन्याभरात परत आणून दिलं तर? आणि कुणी वैतागून सत्तरी तालुक्यातल्या रानात सोडलं तर? आपला भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात आहे. परदेशी अजगराच्या फुप्फुसांतले विषाणू त्याच्यापर्यंत पोचायला नकोत.

खाजनबांध

रानात सोडणं हा गुन्हाच, त्यावर वाद नाही. आणि एका प्रतीचा मुद्दा भिरंडबायने नीट मांडला; सिनॅमनचं उदाहरण मी मागे घेतो.

तरी दोन ठिकाणी माझा विरोध कायम. एक, आज जिवंत असलेल्या स्पायडरना कुणी मारू नये, कमीही लेखू नये. ज्याच्याकडे आहेत त्याने ते सांभाळावेत, नर-मादी वेगळी ठेवावी, इतकंच. दोन, नक्षी विरळ करायला स्पायडरइतकं चांगलं जनुक नाही. स्पायडर आणि क्लाउन हे दोन मॉर्फ एकत्र आलेलं स्पायडर क्लाउनसारखं जनावर दुसऱ्या कशाने मिळणार? पर्याय दिल्याशिवाय माणूस सोडत नाही.

भिरंड

पर्याय आहे. पिनस्ट्राइप हा मॉर्फही प्रभावी आहे, नक्षी बारीक करतो आणि डोलत नाही. क्लाउन अप्रभावी आहे, म्हणजे दोन प्रती असल्या तरच दिसतो, तेव्हा दोन पिढ्या लागतील. पहिल्यांदा पिनस्ट्राइप गुणिले क्लाउन: पिल्लं सगळीच हेट क्लाउन, म्हणजे क्लाउनची एक प्रत लपून असलेली, त्यातली निम्मी पिनस्ट्राइप. त्यातला पिनस्ट्राइप नर ठेवा आणि त्याची दुसऱ्या वंशातल्या क्लाउन मादीशी जोडी लावा, त्याच्या आईशी नाही. चारांत एक पिनस्ट्राइप क्लाउन निघेल. सहा अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, तेव्हा पहिल्या घाण्यावर निराश होऊ नका.

मादी "हेट असू शकेल" म्हणून घेणार असाल तर तिचाही हिशेब करा. हेट गुणिले हेटमधून आलेल्या साध्या दिसणाऱ्या मादीत जनुक असण्याची शक्यता ६६ टक्के. क्लाउन नराशी जोडी लावून तीन पिल्लं आली आणि एकही क्लाउन नाही, तर ती २० टक्क्यांवर येते. सहाही साधी निघाली तर फक्त ३ टक्के. अशा मादीला पुढे "६६ टक्के हेट" म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

खाजनबांध

पिनस्ट्राइपची नक्षी पाठीवर रेषेसारखी येते, स्पायडरची जाळी कुशीवर येते. दोन्ही सारखी नाहीत. पण नर हेट पिनस्ट्राइप असेल तर मादी निवडताना आणखी एन्ची हा मॉर्फ घातला तर कुशीही मोकळी होईल का, हे बघण्यासारखं आहे.

भिरंड

एन्ची क्लाउन मादी घ्या. मग पिनस्ट्राइप, एन्ची, क्लाउन तिन्ही असलेलं पिल्लू आठांत एक. आणि एक दुरुस्ती: "हेट पिनस्ट्राइप" असं म्हणू नका. प्रभावी जनुकाची एक प्रत असली तरी ती दिसतेच, हेट हा शब्द विक्रीत फक्त लपलेल्या जनुकासाठी ठेवूया. नव्याने घेणाऱ्याचा नेमका तिथेच गोंधळ होतो.