मदत हवी आहे: अडून बसलेला उच्च दाब उन्हाळ्यात उष्णतेची आणि हिवाळ्यात थंडीची लाट कशी आणतो?

नमस्कार. हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही; पण गेली काही वर्षे ५०० हेक्टोपास्कल पातळीचे (जिथे हवेचा दाब तेवढा असतो त्या, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरचे) नकाशे नियमितपणे पाहतो आणि उष्णतेच्या व थंडीच्या लाटांच्या दिवसांतले नकाशे वेगळे काढून ठेवतो. त्यांतूनच पडलेला एक प्रश्न सुटत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, नागमोडी असतो, ही मोठी वळणे म्हणजे रॉस्बी तरंग, आणि एखादे वळण फार वाढले की उच्च दाबाचे क्षेत्र जागीच अडून बसते व येणारी वादळे त्याला वळसा घालून जातात, इथपर्यंत समजले आहे. २०१० च्या उन्हाळ्यात पश्चिम रशियावर असे क्षेत्र कित्येक आठवडे ठाण मांडून होते. मॉस्कोत २९ जुलैला ३८.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २०२१ च्या जूनअखेरीस उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागावर तसेच घडले आणि कॅनडातील लिटन येथे पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या देशाचा आधीचा उच्चांक ४५ अंशांचा होता. याउलट फेब्रुवारी २०१८ च्या शेवटी उच्च दाब स्कँडिनेव्हियाच्या परिसरात अडला आणि पश्चिम युरोप गारठला.

माझी अडचण अशी, की उच्च दाबात हवा खाली उतरते आणि उतरताना दाबली गेल्यामुळे कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. हा नियम ऋतू पाहत नाही. मग हिवाळ्यात ही ऊब जाते कुठे? आणि दुसरे, उष्णतेच्या लाटेत वाऱ्याने वाहून आणलेली उष्णता, उतरत्या हवेची उष्णता आणि जमिनीने दिलेली उष्णता यांचे वाटे वेगळे कसे काढावेत? केवळ ५०० हेक्टोपास्कलच्या उंचीवरून मी तसा प्रयत्न केला, पण काहीच हाती लागले नाही.

प्रतिसाद:

आपला नियम बरोबर आहे, पण हिवाळ्यात ती ऊब जमिनीपर्यंत पोहोचत नाही. निरभ्र आकाश आणि लांब रात्र यांमुळे जमीन, विशेषतः बर्फाने झाकलेली, आपली उष्णता अवकाशात सोडत राहते. तिच्यालगतचा हवेचा थर थंड व जड होऊन तळाशी साचतो आणि उतरून तापलेली हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते. अशा पहाटे धुराड्यातून निघालेला धूर थोडा सरळ वर चढतो आणि मग छताला लागल्यासारखा आडवा पसरतो. ते छत म्हणजेच आपण शोधत असलेली ऊब. उन्हाळ्यात प्रखर ऊन हे झाकण मोडते, हवा तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि वरची उष्णता खाली येते. जमीन कोरडी असेल तर बाष्पीभवनात ऊर्जा खर्च होत नाही. शिवाय आदल्या दिवशीच्या तापलेल्या थराचा वरचा भाग रात्रभर तसाच टिकतो आणि दुसऱ्या दिवशीची घुसळण त्यालाच जाऊन मिळते. २०१० मध्ये रशियात ही साखळी दिवसेंदिवस चालली.

२०१८ च्या लाटेत मात्र उच्च दाबाच्या आकारापेक्षा त्याची जागा पाहावी. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे त्याच्या दक्षिण कडेवर पूर्वेकडून हवा येते. पश्चिम युरोप नेमका त्या कडेवर होता. त्याआधी १२ फेब्रुवारीच्या सुमारास स्थितांबरातील (हवामान घडते त्या थराच्या वरच्या थरातील) ध्रुवीय भोवऱ्याचे, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या चक्राचे, पश्चिमी वारे उलटले होते. त्यानेच ही लाट घडवली असे मी म्हणणार नाही, पण पूर्वेकडील वाऱ्यांची शक्यता त्याने वाढवली, असे म्हणणे रास्त आहे.

वाटे काढण्यासाठी हवेच्या एकेका पुंजक्याचा मागचा प्रवास काढावा आणि वाटेत त्याचे विभव तापमान, म्हणजे ती हवा उष्णतेची देवाणघेवाण न करता एका ठरावीक दाबापर्यंत (१००० हेक्टोपास्कल) आणली तर तिचे जे तापमान होईल ते, पाहावे. बाहेरून उष्णता मिळाल्याशिवाय हवा नुसती उतरली, तर ते बदलत नाही. वाढले, तर ढगांनी, उन्हाने किंवा जमिनीने भर घातली असे समजावे. २०२१ च्या लाटेत प्रशांत महासागरावरच्या ढगांत बाष्प सांद्रीभूत होऊन सुटलेली उष्णता आधीच हवेत शिरलेली होती, आणि तीच हवा नंतर खाली उतरली. ५०० हेक्टोपास्कलची उंची यासाठी उपयोगी नाही, कारण खालची हवा तापली की स्तंभ फुगतो आणि ती पातळी वर जाते. म्हणजे ती काही अंशी परिणामच दाखवते.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. २०१८ चे नकाशे पुन्हा काढून पाहिले. पश्चिम युरोपावर समदाब रेषा जवळजवळ आडव्या आहेत आणि वाऱ्याचे बाण थेट रशियाकडून येत आहेत. मी इतके दिवस केंद्राकडेच पाहत होतो. आता लिटनवरच्या हवेचा मागोवा घ्यायला बसलो आहे. तो किती दिवस मागे न्यावा आणि कोणत्या उंचीपासून सुरू करावा, एवढे कृपया सांगावे.