मदत हवी आहे: मुलगी सहलीला नाही म्हणते, शाळेत पाणीच पीत नाही (सोलापूर)

सोलापूरची_आई: मुलगी नववीत आहे. लघवीचा त्रास जन्मापासून. शाळा सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. मैत्रिणींबरोबर गड्ड्याच्या जत्रेलाही गेली नाही. आता मुक्कामाची सहल आहे, तर नाही म्हणून अडून बसली. कसं समजवायचं? शुक्रवारी पैसे भरायचेत.

जुळे_सोलापूर: ताई, त्रास म्हणजे नेमका काय? गळते की तुंबते? ऑपरेशन झालंय का?

मंगलकाकू: गोखरूचा काढा द्या. माझ्या जाऊला गुण आला.

जुळे_सोलापूर: त्यांना खडा असेल ओ काकू. जन्मजात दोषाला काढा काय करणार?

मंगलकाकू: अनुभव आहे म्हणून सांगितलं. आणि आत्ताच बरं करून घ्या, पुढं लग्नाचं बघायचंय.

सोलापूरची_आई: लग्नाचं मी विचारलेलं नाही. जन्मली तेव्हा लघवीची पिशवी पोटावर उघडी होती. लगेच ऑपरेशन झालं. नंतर आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी केली. तीन-चार तासांनी बेंबीतल्या छिद्रातून नळी घालून लघवी काढते, स्वतःच.

जुळे_सोलापूर: मग पाणी तोडणं फार वाईट. आतड्याचा चिकट स्राव पिशवीत साठतो, त्यातून खडे आणि इन्फेक्शन होतं. पिशवी धुणं चालू आहे ना?

भटक्या: सहल कुठं? कोकणात असेल तर ओळखीची बस आहे.

बाविशीतला: ताई, मलाही हेच, एक्स्ट्रॉफी. दहावीपर्यंत कुणाला सांगितलं नाही. वर्गात सगळं लक्ष वास येतोय का याकडे. कुणी चिडवत नव्हतं, चिडवतील म्हणून मीच लांब बसायचो. अकरावीत एकाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग मॅचला येतोस का?" तिला समजवू नका, विचारा. कुणाला आणि किती सांगायचं ते तिला ठरवू दे. शाळेत परस्पर बोलू नका.

जुळे_सोलापूर: असं कसं? मुक्कामात ताप आला, नळी अडकली तर? शिक्षकांना माहीत हवंच.

बाविशीतला: हवंच. पण तिच्यासमोर, तिला चालेल त्या माणसाला.

सोलापूरची_आई: आत्ता विचारलं. वर्गशिक्षक सर आहेत, ते नकोत. पीटीच्या मॅडम चालतील म्हणाली. सहलीचं अजून नाहीच. पण नळ्या धुणार कुठं, हे तिनंच विचारलं.

बाविशीतला: एकदा वापरून टाकायच्या नळ्या न्या, चार-पाच जास्तच. साबण वेगळा. बस निघायच्या आधी पिशवी रिकामी करू दे. आणि कडी लागणारा संडास कुठं आहे, ते मॅडमनी आधी बघून ठेवायचं.