मदत हवी आहे: "मला काही त्रास नाही" म्हणून बायका स्तनतपासणी टाळतात

रानजाई:
उपकेंद्राच्या गावांत तिशीपुढच्या बायकांची तपासणी चालू आहे. आशाताई फॉर्म भरतात तेव्हा स्तनांच्या प्रश्नांना सरसकट "नाही" येतं. उपकेंद्रात बीपी-शुगर बघून बायका निघून जातात. विचारायचं कसं? आणि तपासणीत काय होतं ते कसं सांगायचं?

गवतीचहा:
"त्रास आहे का" हे आधी बंद करा. त्रास म्हणजे दुखणं, आणि कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. बाई खरंच सांगत असते, प्रश्न चुकलेला असतो. "छाती" म्हटलं की खोकला, धडधड असाही अर्थ लागतो, म्हणून "अंगावर पाजतो ती जागा" म्हणा. मग एकेक विचारा: आंघोळ करताना हरभऱ्याएवढं किंवा मोठं टणक काही हाताला लागतं? एक बाजू हल्ली वेगळी दिसते? बोंड आत ओढलं गेलंय? त्यातून आपोआप रक्त येतं? कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय? काखेत गाठ? बोंड जन्मापासूनच आत असेल तर काळजी नाही. "आधी नव्हतं, आता झालं" हे महत्त्वाचं.

तपासणीबद्दल आधीच सांगा: मशीन नाही, सुई नाही, तपासणारी बाईच, दाराला कडी. आधी बसवून बघायचं, हात खाली, हात वर, मग कमरेवर दाबून. नंतर झोपवून त्या बाजूचा हात डोक्याखाली, आणि मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं, प्रत्येक जागी हलका, मध्यम, खोल असा दाब. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत जायचं. घाईत काख आणि काखेकडचा वरचा भाग सुटतो, आणि सर्वाधिक कॅन्सर तिथेच सापडतात. पाळी येत असेल तर सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांत बोलवा. पाळीआधी स्तन जड होतात, नसलेल्या गाठी लागतात.

नुसत्या हाताच्या तपासणीने काय होणार, असं कुणी म्हटलं तर टाटा मेमोरियलचा मुंबईतला अभ्यास सांगा. 1998 साली सुरू झाला, 35 ते 64 वयाच्या बायका, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित सेविकांची तपासणी. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकॅन्सरचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीआत तेवढा फायदा दिसला नाही, तेही लपवू नका.

रानजाई:
आणि गाठ लागलीच तर? "सुई टोचली की पसरतं" म्हणून पुढे जायला तयार होत नाहीत.

कोरांटी:
सुईने कॅन्सर पसरत नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते हाताने ठरवता येत नाही. तरुण बाईची आधी सोनोग्राफी, कारण दाट स्तनात मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) गाठ झाकली जाते, चाळिशीपुढे दोन्ही. मग जाड सुईने तुकडा घेऊन तपासणी. खरं नुकसान होतं ते लेप आणि शेक यांत महिने गेल्याने, किंवा गोळा काढून तुकडा तपासायला न पाठवल्याने.

रुग्णालयात पाठवायच्या चिठ्ठीवर बाजू, घड्याळाच्या आकड्याप्रमाणे जागा, आकार सेंटीमीटरमध्ये आणि काखेची स्थिती लिहा. रेशनकार्ड व आधार सोबत द्या. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा. बाई कोणत्या दिवशी, कोणासोबत जाणार हे निघण्याआधीच वहीत लिहून घ्या, आणि आठवड्याने आशाताईंकरवी विचारा. सर्वात जास्त गळती गाठ लागणं आणि रुग्णालयात पोचणं यांच्यामध्येच होते.